शोकेसमधली १९७३ ची मूटॉन: विकावी, जपावी की उघडावी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बाबा मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होते. १९७९ मध्ये त्यांचं तेलवाहू जहाज फ्रान्समध्ये पोयाकच्या धक्क्याला लागलं, आणि निघताना तिथल्या शिपिंग एजंटने त्यांना वाइनची एक बाटली भेट दिली: शातो मूटॉन रॉथशिल्ड (शातो म्हणजे स्वतःचा द्राक्षमळा असलेलं, वाइन करणारं ठिकाण), साल १९७३, लेबलवर पिकासोचं चित्र. बाबा स्वतः फारसे पिणारे नाहीत, म्हणून ती तेव्हापासून ठाण्याच्या घरात शोकेसमध्ये उभी आहे, एका बाजूला पितळी होकायंत्र आणि दुसऱ्या बाजूला जपानी बाहुली. पुढच्या महिन्यात बाबांची पंचाहत्तरी. धाकटा भाऊ म्हणतो त्या दिवशी उघडू या. वहिनींना नेटवर सापडलं की याच शातोची वाइन लिलावात कोट्यवधींना जाते, तेव्हा उघडणं म्हणजे वेडेपणा. बाबा म्हणतात, तुम्हाला हवं ते करा. आणि तुम्ही विचारताय की हिची किंमत काय आणि ही अजून पिण्यासारखी आहे का.

मी लंडनमध्ये सतरा वर्षं सोमेलिए होते, म्हणजे हॉटेलातलं वाइनचं तळघर सांभाळायचं आणि गिऱ्हाइकांपुढे बाटल्या उघडायच्या. नंतरची काही वर्षं जुन्या बाटल्या विक्रीला जाण्याआधी तपासण्याचं काम केलं. त्या अनुभवावरून सांगते, असा प्रश्न विचारणारे जवळपास सगळे जण तीन वेगळे प्रश्न एकात कालवतात. स्थळ बघताना जुनी माणसं घराणं, पत्रिका आणि प्रकृती वेगवेगळी बघायची ना, तसंच इथे आहे. घराणं म्हणजे शातो. पत्रिका म्हणजे साल. प्रकृती म्हणजे ही एक बाटली आजवर कशी जगली ते. नेटवर जे आकडे दिसतात ते घराणं अव्वल, पत्रिका राजयोगाची आणि प्रकृती ठणठणीत अशा बाटल्यांचे. तुमच्या बाटलीचं घराणं अव्वलच आहे. पत्रिका बेताची आहे. प्रकृती, तुम्ही लिहिलंय त्यावरून, बरीच ढासळलेली. विकायचा विचार सोडा. उघडायचा जरूर करा, पण आत काय निघेल याची तयारी ठेवून. आता कारणं सांगते.

आधी नावाचं उरकून घेऊ. फ्रेंच उच्चार देवनागरीत जसाच्या तसा उतरवला तर चारचौघांत वाचायची सोय राहणार नाही, म्हणून मी इंग्रजी वळणाने ‘मूटॉन’ लिहितेय. जाणकारांनी सांभाळून घ्यावं. फ्रेंचमध्ये हा शब्द मेंढीचा, आणि आपलं मटण इंग्रजीमार्गे त्याच शब्दातून आलेलं आहे. शातोचं नाव मात्र टेकाड या अर्थाच्या एका जुन्या शब्दावरून पडलं असं मानतात. तरी बोधचिन्ह मेंढाच आहे, कारण ज्या बॅरनने हे नाव जगभर पोचवलं त्याची रास मेष. त्याच गावात ‘लातूर’ नावाचंही एक जगप्रसिद्ध शातो आहे. आमच्या हॉटेलात एका उदगीरच्या पाहुण्यांना मी ती बाटली दाखवली तेव्हा ते पाच मिनिटं हसत होते.

आता घराणं. बोर्दो शहरातून जिरोंदच्या खाडीच्या कडेने वायव्येला पन्नासेक किलोमीटर गेलं की पोयाक लागतं. तिथली जमीन बघून आपला शेतकरी नाक मुरडेल. वर नुसती गोटे-खडी. पण खडी पाणी धरून ठेवत नाही, त्यामुळे वेलीची मुळं पाण्यासाठी खोल जातात, आणि दिवसभर तापलेले गोटे रात्री वेलींना ऊब देतात. काबेर्ने सोव्हिन्यों ही द्राक्षाची जात उशिरा पिकणारी, तिला ही ऊब हवीच असते. मूटॉनचा मळा साधारण दोनशे एकरांचा, आणि त्यात बहुतांश काबेर्नेच. शातोपासून जवळच, खाडीच्या काठाला, त्या काळी शेल कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना होता. तो १९८० च्या दशकात बंद पडला. जगातल्या सगळ्यांत महागड्या द्राक्षमळ्यांच्या कुशीत तेलाच्या टाक्या, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण म्हणूनच बाबांचा टँकर तिथे लागला आणि एजंटच्या हाताशी ही बाटली होती. जुन्या बाटल्यांच्या कितीतरी कहाण्या मी ऐकल्या आहेत, त्यांतल्या निम्म्या बनावट. तुमच्या बाबांची मला पटते.

१८५३ मध्ये रॉथशिल्ड या बँकर घराण्याच्या इंग्लंडमधल्या शाखेतल्या बॅरन नाथानिएलने हा मळा विकत घेतला आणि त्याला स्वतःचं नाव जोडलं. दोनच वर्षांनी, १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी, फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याला बोर्दोच्या वाइनची प्रतवारी हवी होती. दलालांनी ती कशी केली? चव घेऊन नाही. बाजारात कुणाला काय भाव मिळतो त्याच्या वह्या काढून. लाफीत, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियों हे चार पहिल्या श्रेणीत बसले. मूटॉन दुसऱ्या श्रेणीत, तिथलं सगळ्यांत वरचं नाव म्हणून. वर्गात पहिला, पण तुकडी ब. त्यात १८६८ मध्ये रॉथशिल्डांच्याच फ्रेंच शाखेने शेजारचं लाफीत घेतलं, म्हणजे बांधाला बांध लागून भाऊबंद आणि ते वरच्या श्रेणीत. भाऊबंदकी काय असते हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

हे शल्य ज्याने मनावर घेतलं तो बॅरन फिलिप. १९२२ मध्ये, विसाव्या वर्षी, त्याच्या हातात मूटॉनचा कारभार आला. तोपर्यंत रीत अशी होती की शातोने वाइन करायची आणि पिंपं बोर्दोच्या व्यापाऱ्यांना विकून मोकळं व्हायचं. ती बाटल्यांत भरायची, लेबल लावायचं, सगळं व्यापाऱ्याच्या गोदामात. त्यात कोण काय मिसळतंय यावर कुणाचा ताबा नाही. फिलिपने १९२४ ची सगळी वाइन शातोवरच बाटल्यांत भरली. आज हे अगदी साधं वाटतं, पण जुन्या बाटल्यांच्या बाबतीत भरवशाची सुरुवात इथून होते. मग तयार होत असलेली पिंपं ठेवायला जागा पुरेना, म्हणून शंभर मीटर लांबीचं दालन बांधलं. दोन्ही बाजूंना पिंपांच्या रांगा आणि मधून चालताना आवाज आपोआप खाली येतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला एखाद्या जुन्या देवळाच्या सभामंडपात आल्यासारखं झालं. वास मात्र ओल्या लाकडाचा आणि द्राक्षाचा.

महायुद्धात जर्मनांनी फ्रान्स व्यापल्यावर ज्यू असलेल्या फिलिपची मालमत्ता गेली. तो पळून जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या जनरल द गॉलच्या फौजेत सामील झाला. त्याची पत्नी रावेन्सब्रुकच्या छळछावणीत मरण पावली. परतल्यावर आलेलं पहिलं पीक १९४५ चं. त्या वर्षी लेबलवर त्याने विजयाचा ‘व्ही’ छापून घेतला, फिलिप ज्युलियाँ या तरुण चित्रकाराकडून. तिथून दर वर्षी नव्या चित्रकाराचं लेबल ही प्रथा पडली. मोबदला पैशांत नाही, वाइनच्या पेट्यांत. ब्राक, दाली, मिरो, शगाल, वॉरहॉल असे सगळे त्या यादीत आहेत. २००९ चं लेबल मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचं आहे.

फिलिपचं ब्रीद असं होतं: पहिला होऊ शकत नाही, दुसरा व्हायला तयार नाही, मी मूटॉन आहे. अनेक वर्षं खटपट केल्यावर जून १९७३ मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री जाक शिराक यांनी सही केली आणि मूटॉन पहिल्या श्रेणीत गेलं. १८५५ च्या यादीत एखादं शातो वरच्या श्रेणीत नेलं गेलं ते तेवढं एकदाच. ब्रीद बदललं: आता पहिला आहे, पूर्वी दुसरा होतो, मूटॉन बदलत नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पिकासो वारला होता, म्हणून त्याला आदरांजली म्हणून त्याचं मदिरोत्सवाचं चित्र १९७३ च्या लेबलवर आलं. म्हणजे तुमच्या शोकेसमध्ये आहे ते पहिल्या श्रेणीतल्या मूटॉनचं पहिलं साल, आणि वर पिकासो. हे वाचून वहिनींचे डोळे चमकले असतील. थांबा.

कारण आता पत्रिका. ‘व्हिंटेज’ म्हणजे जुनी, असा आपल्याकडे समज आहे, बहुधा व्हिंटेज गाड्यांमुळे. वाइनमध्ये व्हिंटेज म्हणजे फक्त द्राक्षं तोडल्याचं साल. या वर्षीच्या वाइनलाही व्हिंटेज असतं. आणि बोर्दोत या सालाला इतकं महत्त्व का, हे नाशिकशी ताडून बघितलं की चटकन कळतं. नाशिकला छाटणी वर्षातून दोनदा, पाणी ठिबकने आपल्या हातात, आणि वाइनची द्राक्षं तोडायची हिवाळ्याच्या शेवटी, आभाळ स्वच्छ असताना. बोर्दोत मे महिन्यात दव गोठून कोंब जळू शकतात, जूनमध्ये थंडी-पावसाने फुलोरा गळतो, आणि ऐन तोडणीला, सप्टेंबर-ऑक्टोबरात, अटलांटिकवरून ढग येतात. काबेर्ने उशिरा पिकते म्हणजे तिला त्या ढगांशी शर्यत लावावीच लागते. तोच मळा, तेच लोक, तीच पिंपं, पण एका साली अमृत आणि दुसऱ्या साली पाणचट.

१९४५ मध्ये मेच्या सुरुवातीलाच दव गोठलं आणि बरंच पीक तिथेच गेलं. उरलेल्या द्राक्षांना कोरडा, कडक उन्हाळा मिळाला. घड कमी, दाणे बारीक, त्यांची सालं जाड, रस दाट. सगळी मिळून पाऊण लाखाच्या आसपास बाटल्या. मला ती एकदाच चाखायला मिळाली, एका उदार गिऱ्हाइकाने ग्लासात ठेवलेला अर्धा घोट. पुदिना, सुंठ, निलगिरीचा पाला, आणि मागून एक गोडसर ऊब जी घोट गिळल्यावरही बराच वेळ जात नव्हती. ती वाइन तेव्हा साठीची होती आणि वागायला पस्तिशीची. २००६ मध्ये क्रिस्टीजच्या लॉस एंजेलिसमधल्या लिलावात याच सालच्या बारा बाटल्या २ लाख ९० हजार डॉलरना गेल्या. वहिनींनी वाचलेले आकडे अशा लिलावांचे असणार. त्या बाटल्या थेट शातोच्या तळघरातून आल्या होत्या, जन्मापासून जागच्या हलल्या नव्हत्या, हे त्या बातमीतलं खरं वाक्य.

१९७३ त्याच्या उलट. पीक उदंड आलं, पाऊसही झाला, आणि जिथे घड जास्त तिथे रस पातळ. वर १९७३-७४ मध्ये तेलाच्या संकटाने आणि भेसळीच्या एका मोठ्या प्रकरणाने बोर्दोचा बाजारच कोसळला. त्या सालच्या बहुतेक वाइन दहा-पंधरा वर्षांत पिऊन टाकायच्या होत्या, मूटॉनही त्यात आलं. मी १९७३ ची मूटॉन दोनदा उघडली आहे. दोन्ही बाटल्या इंग्लंडमधल्या थंड तळघरात आयुष्य काढलेल्या, दोन्ही लेबलं जमवणाऱ्यांच्या. एक ग्लासात ओतल्यावर वीसेक मिनिटं छान होती, वाळलेला गुलाब आणि जुनं चामडं असा हलका वास, मग विझत गेली. दुसरी उघडली तेव्हाच विझलेली होती. म्हणजे थंड तळघरातही हे साल आता थकलेलं आहे.

मग हिला बाजारात भाव आहे तो कशाचा? लेबलाचा. १९४५ पासूनची प्रत्येक सालची मूटॉन जमवणारे लोक आहेत. त्यांना मालिका पूर्ण करायची असते, म्हणून पडेल सालाच्या बाटलीलाही ते बऱ्यापैकी पैसे मोजतात, आणि पिकासोला जरा जास्तच. पण असा गिऱ्हाईकही लेबल कोरं करकरीत मागतो. तुमचं लेबल, तुम्हीच लिहिलंय, ट्यूबलाइटने फिकं पडलंय आणि एका कोपऱ्याला झुरळांनी कुरतडलंय.

आता प्रकृती. सगळं याच्यावर येऊन ठेपतं.

वाइन बाटलीत गेल्यावर स्वस्थ बसत नाही. रंग देणारे आणि तुरटपणा देणारे घटक हळूहळू एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी साका बनून बसतात. म्हणून जांभळा रंग विटकरी होत जातो आणि तुरटपणा मऊ होतो. हे सावकाश व्हावं लागतं, बारा-तेरा अंशांच्या थंडाव्यात, अंधारात, थोड्या दमट हवेत. रसायनशास्त्राचा ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. ठाण्यातलं घर वर्षभर तीसच्या आसपास, मे महिन्यात त्याहून वर. म्हणजे तिकडे जे एका वर्षात व्हायचं ते इथे तीन-चार महिन्यांत उरकतं, आणि तेही नीट नाही. लोणचं मुरवायला बरणी फडताळात ठेवण्याऐवजी गॅसवर ठेवली तर ते लवकर मुरत नाही, शिजतं. तसंच.

दुसरं, उष्णतेने आतला द्रव फुगतो आणि बूच किंचित वर ढकलतो किंवा त्याच्या कडेने पाझरतो. रात्री थंड झाला की आकसतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. असा श्वास चाळीसहून जास्त वर्षं चाललाय. बाटली उभी असल्यामुळे बुचाला वाइनचा ओलावा मिळाला नाही, ते कोरडं पडून आकसण्याचीच शक्यता जास्त. तुम्ही सांगितलेल्या दोन खुणा हेच सांगतात. वरचं धातूचं वेष्टन चिकट झालंय, म्हणजे पाझरलंय. आणि पातळी खांद्याच्या मध्यापर्यंत उतरलीये. आमच्या धंद्यात जुनी बाटली हातात आली की पहिली नजर लेबलावर जात नाही, पातळीवर जाते. एवढ्या जुन्या बाटलीत वाइन मानेच्या तळाशी असेल तर उत्तम, खांद्याच्या वरच्या भागात असेल तर चालेल. मध्यावर आली की आम्ही गिऱ्हाइकाला ‘तुमच्या जबाबदारीवर’ म्हणतो.

एक चाचणी आज करून बघा. बाटली न हलवता जागीच मानेच्या मागे मोबाइलचा टॉर्च धरा. रंग विटकरी पण पारदर्शक, लालसर झाक असलेला दिसला तर थोडी आशा आहे. ढवळलेल्या चहासारखा गढूळ तपकिरी दिसला तर नाही. याउपर खरं काय ते बूच निघाल्यावरच कळतं. एकाच पेटीतल्या दोन बाटल्या वेगळ्या निघालेल्या मी पाहिल्यात. एकदा दुबईहून आलेल्या एका गृहस्थांनी अशीच शोकेसमधली बाटली, दुसऱ्या एका मोठ्या शातोची, पाहुण्यांसमोर उघडायला दिली. मी तोंडावर सांगायचं धाडस केलं नाही, उघडली, आणि टेबलभर भिजलेल्या मनुकांचा आणि शिरक्याचा वास पसरला. तेव्हापासून मी आधीच सांगते.

विकण्याबद्दल थोडंच. महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू विकणं गुन्हा आहे, मग ती हजाराची असो की लाखाची. परदेशी लिलावगृहांना विचाराल तर ते पहिला प्रश्न विचारतील, ही कुठे आणि कशी ठेवली होती, पावत्या दाखवा. हे नखरे नाहीत. रुडी कुर्नियावान नावाच्या माणसाने अमेरिकेत स्वतःच्या घरी स्वस्त वाइन एकत्र करून जुन्या दुर्मीळ बाटल्या ‘बनवल्या’ आणि मोठमोठ्या संग्राहकांना विकल्या. २०१४ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतर कागदाविना आलेल्या बाटलीकडे कुणी ढुंकून बघत नाही. तुमच्याकडे पुरावा म्हणजे बाबांची आठवण. मला पुरते, लिलावाला नाही. थंड तळघरात पडून असलेली, पातळी वरपर्यंत, लेबल शाबूत आणि खरेदीची पावती असती, तर मी तुम्हाला वेगळा सल्ला दिला असता.

आणखी पाच वर्षं जपून ठेवली तर? काही मिळणार नाही. आता फ्रिजमध्ये घालूनही गेलेलं परत येत नाही. म्हणून पंचाहत्तरीला उघडा, भावाचं बरोबर आहे. फक्त सगळ्यांना आधीच सांगून ठेवा की हा पिण्याचा कार्यक्रम नाही, बघण्याचा आहे. आणि पिण्यासाठी नाशिकची एखादी चांगली रेड वेगळी आणून ठेवा. मी हॉटेलातही जुनी बाटली उघडताना मागे एक तरुण बाटली तयार ठेवायचे.

उघडायचं कसं ते नीट सांगते, कारण इथेच बहुतेक जण घाण करतात. बाटली उभीच आहे हा एवढा एक फायदा, साका तळाशी बसलेला असेल. ती कार्यक्रमाच्या जागी दोन दिवस आधी नेऊन ठेवा आणि मग फ्रिजमध्ये ठेवण्यापुरतीच, न हिंदकळता, हलवा. उघडण्याआधी तासभर फ्रिजमध्ये, उभीच. वरचं वेष्टन पूर्ण काढून टाका. त्या काळच्या वेष्टनात शिसं असायचं, म्हणून बाटलीचं तोंड ओल्या फडक्याने आत-बाहेर पुसा, फडकं बदलून दोनदा. नेहमीचा स्क्रू कोरड्या बुचाचा भुगा करतो. दोन पात्यांचा ओपनर मिळतो, तो बुचाच्या दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने सरकवून फिरवत वर घ्यायचा. बूच आधीच सैल झालं असेल तर पाती सरकवताना ते आत ढकललं जातं, तेव्हा घाई नको. आत पडलंच तर घाबरू नका, वाइन पातळ सुती फडक्यातून गाळून घ्या. फडकं नुसत्या पाण्याने धुतलेलं हवं. साबणाच्या वासाने उरलासुरला सुगंधही मरेल.

एका काचेच्या जगमध्ये एका दमात, सावकाश ओता, मानेमागे उजेड धरून. गढूळ रेघ मानेत आली की थांबा. तळाचे चार-पाच चमचे बाटलीतच राहू द्या. ‘हवा लागू दे’ म्हणून तासभर ठेवणं तरुण वाइनसाठी असतं. एवढ्या म्हाताऱ्या वाइनकडे मिनिटंच असतात. लगेच छोट्या ग्लासांत दोन-दोन घोट द्या, दहा-बारा जणांना पुरेल. पहिला ग्लास बाबांना, आणि त्यांनी वास घेईपर्यंत बाकीच्यांनी मतं देऊ नयेत, विशेषतः वहिनींनी.

तब्येतीची काळजी विचारलीत म्हणून: बिघडलेली वाइन विषारी होत नाही. तिच्यात अल्कोहोल आणि आम्ल असल्याने अपायकारक जंतू वाढत नाहीत. ती फक्त आंबट, सपक, शिळी लागते. घोट घ्या, नको वाटला तर बेसिनमध्ये ओता. हो, आणि आई शाकाहारी आहेत असं लिहिलंय. बोर्दोत वाइन निवळवायला पिंपात अंड्याचा पांढरा बलक फेटून घालायची जुनी पद्धत आहे. तो तळाशी बसतो आणि काढून टाकतात, पण त्यांना आधी सांगा आणि ठरवू द्या.

रिकामी बाटली भंगारात देऊ नका. खऱ्या जुन्या रिकाम्या बाटल्या हाच नकली धंद्याचा कच्चा माल. हॉटेलात मी त्या फोडून टाकायचे. तुम्ही धुऊन परत शोकेसमध्ये होकायंत्राशेजारी ठेवा, लेबलाला पाणी लागू न देता. शिवाय बूच सांभाळून काढा, तुकडे झाले तरी जुळवून ठेवा. त्याच्या अंगावर शातोचं नाव आणि साल छापलेलं असतं. ते १९७३ च आहे ना बघा, आणि टॉर्चच्या उजेडात रंग कसा दिसला तेही इथे लिहा.